शंभर सेकंद

पॉटरूममधून तू सुटतोस रात्री अकराला,
कंपनीची बस रिफाच्या पेट्रोल पंपापाशी सोडते,
आणि साडेबाराच्या सुमारास कुलपात किल्ली फिरते,
इतकी हळू की चोरानेही शिकून घ्यावं.

दिवा लावत नाहीस,
माझी झोप मोडेल म्हणून.
भिंत चाचपत येतोस
आणि रोज त्याच गॅस सिलिंडरवर
आपटतोस उजव्या पायाची करंगळी,
रोज तीच एक मालवणी शिवी
ओठांतच चावून टाकतोस.

ऑगस्टात मी पलंगाखालची पेटी ओढली.
विमानतळावर वजन जास्त भरलं तेव्हा
तू म्हणाला होतास, ही राहू दे, लोणचं काढू.
पॉलिटेक्निकची माझी सोल्डरिंगची पेटी.
अकरा वर्षं व्हिसावर गृहिणी असा शिक्का आहे,
पण हातांना कुठे अरबी वाचता येतं.

मनामात बशारतभाईंच्या काउंटरवर मागितलं:
हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, शंभर के रेझिस्टर,
एक मॉसफेट, दाराला लावायचा चुंबकाचा स्विच,
आणि एलईडी पिवळे. हो, पिवळेच.
"मुलाचा प्रोजेक्ट?" त्यांनी विचारलं.
"नवऱ्याचा," मी म्हटलं.
त्यांनी दोन एलईडी जास्तीचे टाकले पिशवीत.

शेड म्हणून लबानची दोन लिटरची बाटली,
तीनदा धुऊनही आंबूस वासाची.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं,
राळेचा धूर ओट्यावर.
पहिला डाख थंड बसला, ढेकळासारखा.
दुसऱ्याला बोट भाजलं.
तिसरा गोल, चकचकीत,
नथीतल्या मोत्यासारखा म्हणणार होते,
पण डाख डाखासारखाच बरा.

तारा जोडणं अवघड नव्हतं.
अवघड होतं, तो किती वेळ जळावा.
दारापासून पलंगापर्यंत चौदा पावलं.
बुटांच्या नाड्या, बावीस सेकंद.
पाण्याचे दोन घोट, थांबणं, मग तिसरा.
नंतर तू खिडकीशी जरा उभा राहतोस,
का ते मला ठाऊक नाही, पण अठरा.
सगळी बेरीज शंभराच्या आत.
हा हिशेब कागदावर केलेला नाही.
उशीत तोंड खुपसून केलाय,
तुझी ही पाळी लागल्यापासून.

काल दार उघडलं आणि दिवा लागला,
ताकाच्या रंगाचा.
तू बूट काढले नाहीस.
पाणी प्यायला नाहीस.
पापण्यांच्या फटीतून मी मोजत होते,
तीस, साठ, नव्वद,
उजेड विरत गेला, ठरवला होता तस्साच,
आणि तू अजून दारातच,
तोंड उघडं.
हे मी धरलंच नव्हतं.
मग अंधार. मग सिलिंडर. मग शिवी,
या वेळी खणखणीत.

थोड्या वेळाने तू बाहेर गेलास,
दार ओढून घेतलंस
आणि पुन्हा उघडलंस.

बाटली हातात घेतलीस, उलटी केलीस,
एकेक डाख अंगठ्याने चाचपलास,
आणि पलंगाकडे न बघता विचारलंस,
"म्हणजे रोज जागीच असतंस काय गो तू?"

चाळीसेक सेकंद उरले होते.
मी घोरायला सुरुवात केली.