पंधरा दिवस

शंभर फुटीवर, टायरवाल्याच्या मागे,
दस्तगीर नदाफ गाडीखाली आडवा होतो
आणि दाराखालच्या पट्टीला
स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवतो.
जोर लावत नाही.
तरी मुठीपर्यंत आत.

"वरनं बघून काय कळतंय, बाई?
वरनं गाडी नवरी हाय."

खरंय. फिकट आकाशी रंग अजून लकाकतो.
एक फुगवटा तेवढा होता, करंगळीच्या नखाएवढा,
त्यावर मी दर दसऱ्याला
मिरजेहून शोधून आणलेलं
आकाशी नेलपॉलिश लावायची.

चार ठोक्यांत लांबीचा खवला निघाला,
भाकरीएवढा जाड.
मागे पत्रा नाहीच.
मागे कागद.
तपकिरी, गंजाच्या चुऱ्याने माखलेला पेपर.
त्याने तो मांडीवर उलगडला:
राजापुरी हळदीचे भाव,
पूरग्रस्तांच्या यादीचा अर्धा भाग,
आणि कडेला पेन्सिलीने बेरीज,
लांबी, रंग, मजुरी.

तो बेरजेकडे बघत राहिला.
"अब्बांचं अक्षर."
मग बऱ्याच वेळाने,
"मी एकदा कागद कोंबला हुता
तर थोबाडीत मारली हुती त्यांनी."

उसाची ट्रॉली गेली. गाणी लावलेली.
मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला.

गाडी तेव्हा दोन दिवस पाण्यात होती.
नदाफचाचा म्हणाले होते, पत्रा कापू,
पंधरा दिवस द्या.
मी म्हणाले, रविवारी मुलाचा साखरपुडा आहे,
चकचकीत दिसली की झालं,
आतलं कोण बघतंय?
चाचांनी मान खाली घातली,
गाडीत पेपर आहे का विचारलं.
मीच दिला. मागच्या सीटवरचा.
साखरपुडा झाला.
पुढचं राहू द्या.

एवढं सांगेपर्यंत चहावर साय आली.
दस्तगीर काही बोलला नाही.
बेरीज तेवढी फाडून त्याने खिशात ठेवली
आणि हातोडी घेऊन पट्टीवर
मागे मागे ठोकत गेला:
बद्. बद्. बद्.
मागच्या चाकाजवळ, एकदाचं,
टण्.
तिथे खडूने रेघ मारली.

"हितपातुर कापावं लागणार."
"किती दिवस?"
"पंधरा."
खडू कानामागे खोचत म्हणाला,
"रविवारी काय कार्यबिर्य न्हाई न्हवं?"
नाही, म्हटलं.
कुठल्याच रविवारी नाही.