मादी, साडेचार मिलिमीटर

कुरामोचीबाई भिंग माझ्याकडे सरकवतात.
"मिशीचं दुसरं पेर डोक्याच्या रुंदीहून लांब?"
लांब.
"पंखाच्या टोकाआधी तिकोनी तुकडा?"
आहे. तांबूस, चहा सांडल्यासारखा.
"कपाळावरचे बारके डोळे?"
नाहीत.

या ढेकण्यांना पूर्वी इथे आंधळे म्हणत,
दोन टपोरे डोळे धडधडीत समोर असताना.
मग कुणाला तरी लाज वाटली,
नाव बदललं : धुक्याचे ढेकूण.

बाहेर इइदाच्या उतारावर
कोवळ्या सफरचंदांना कागदी पिशव्या चढताहेत.
बाईंना त्या पिशव्या दिसत नाहीत. पेरही नाही.
टाचणी त्या बोटांनी चाचपतात,
टोचली की म्हणतात, सापडली.

नखाएवढ्या चिठ्ठीवर मी लिहिते :
योमोगीवर, जून, मादी.
ओळखणारी कोण लिहू?

"दोघी," त्या म्हणतात,
"जागा उरली तर."