काळी गोटी

कॅम्पातल्या त्या क्लबाचं पुढचं फाटक
मी सातवीपर्यंत फक्त आतून पाहिलं.
आमची वाट मागची, सायकलींवरून,
खानसाम्याच्या राखेच्या ढिगापाशी.

बाबा मार्कर. निंगाप्पा काकतकर.
पहाटे धुक्यात मुरमाच्या कोर्टावर रोलर ओढत,
मग दोरी ताणून चुना.
दोन इंच रुंद, बोटांनी मोजून.
ज्या साहेबाला जोडीदार नसे
त्याच्याशी खेळत आणि बेताने हरत:
कर्नलांशी सहा-चार, डॉक्टर हुक्केरींशी सात-पाच.
वकील देशनूर मात्र खरंच हरवायचे. त्याचा बाबांना आनंद होई.

घरात मराठी, गल्लीत कन्नड,
रागावल्यावर आईला दोन्ही कमी पडत.
कोर्टावर बाबांना तीनच शब्द:
इन, आउट, लेट.
गावातल्या पाट्यांना डांबर फासलं त्या दिवशी
बस बंद, शाळा बंद,
बाबा चुन्याचा डबा घेऊन निघाले.
"रेषेवर पडलेला चेंडू आत धरतात की गे,"
चप्पल घालता घालता म्हणाले.
कुणाला म्हणाले, कळलं नाही.

ऑफिसात एक सागवानी पेटी होती.
हिरव्या मखमलीत पांढऱ्या गोट्या पुष्कळ,
काळ्या बारा.
नवा मेंबर घ्यायचा तर एकेक हात पेटीत जाई,
दोन काळ्या पडल्या की माणूस बाहेर.
कुणाचा हात, ते विचारायचं नाही.
बाबा त्या पुसून ठेवत, कोरड्या फडक्याने.

एका दुपारी मी एक काळी उचलली.
कंग्राळ गल्लीत तिच्यावर अठरा गोट्या जिंकल्या.

मोजणीत अकराच निघाल्या.
शिरगुप्पी सेक्रेटरींनी बाबांना बेसलाइनवर उभं केलं,
खिसे उलटे करायला लावले.
सुतळीचा तुकडा पडला, थोडा चुना.
घरी त्यांनी मला काही विचारलं नाही.
जेवताना एकदा माझ्या मुठीकडे पाहिलं,
भाकरी मोडली.

आता टिळकवाडीत माझा दवाखाना.
क्लबातले निम्मे गुडघे माझ्या हाताखालून जातात.
हुक्केरींचा मुलगा काल फॉर्म घेऊन आला:
"मॅडम, तुमच्यासारखी माणसं पायजेत आम्हाला."
सूचक, अनुमोदक, वडिलांचा व्यवसाय.
मतदान अजून त्याच पेटीतून, म्हणाला.
एक गोटी तेवढी कमी आहे, कधीपासून कोण जाणे.

बाबा ऐंशीचे. उजवा खांदा वर जात नाही.
फॉर्म त्यांनी उलटसुलट करून पाहिला.
"चुना कोण मारतंय आता?"
"प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकल्यात, बाबा. खिळ्यांनी."
"मग पुसतच नाही म्हण."

बराच वेळ गप्प.
मग हात पुढे केला, तळवा वर,
खेळ संपल्यावर चेंडू परत मागायचे तसा.

मी उठले. शिवणाच्या डब्यातून
रुमालात बांधलेली काढली, तळव्यावर ठेवली.
सदऱ्याच्या टोकाने त्यांनी ती पुसली,
खिडकीच्या उजेडात धरून फिरवली.

"टवका उडालाय बघ," म्हणाले.
"आपल्या गल्लीत दगड फार."