कोटेशन

गेटवरच्या वहीत एक रकाना होता: कामाचं स्वरूप.
मी लिहिलं, एसी.
पहारेकरी बलुची पोरगा, मी गेल्यानंतर जन्मलेला असावा.
पहिल्यांदाच येताय का, त्यानं विचारलं.
मी हो म्हटलं, हेल्मेट चढवलं.
खोटं इतक्या सहज निघालं
की पायऱ्यांपाशी जरा थांबावं लागलं.

मस्कतचे डोंगर तसेच,
तव्यावर राहून गेलेल्या भाकरीच्या रंगाचे.
इमारतीला मात्र तीनदा रंग दिलाय,
मला पापुद्रे मोजता येतात, धंदाच तो.
खोली चौदा. नऊ बाय सात. उंची तीन दहा.
खिडक्या पश्चिमेला, म्हणजे अर्धा टन जास्त.
लेसरचा लाल ठिपका फळ्यावर पडला,
तिथे बसऱ्याचे हातिम सर नुसत्या हातानं,
एका दमात, वर्तुळ काढायचे,
आणि वर्गाकडे पाठ ठेवूनच विचारायचे, कोण हसलं?

हसला असेल इरफान सुमरो.
हजेरीत माझं नाव ऐकून त्यानंच दात काढले होते:
परकार म्हणजे कंपास रे,
एक पाय रुतलेला, एक भटका.
मी म्हटलं, आमच्या दापोलीकडे आडनाव असतं ते.
तो म्हणाला, तेच तर.

आणि शेजारी हमूद. पेपरात अडला की
दिशदाशाच्या गळ्यापाशी लोंबणारा गोंडा
नाकाशी धरायचा, अत्तरात बुडवून आणलेला.
एकदा मलाही दिला हुंगायला, थर्मोच्या परीक्षेत.
दोघेही नापास.

तिसऱ्या वर्षी अब्बांच्या कंपनीनं
सात महिने पगार दिला नाही,
मग पासपोर्ट दिला.
फीच्या खिडकीवरून मी सरळ बाहेर पडलो,
कुणाला काही बोललो नाही.
टी-स्क्वेअर वर्गातच राहिला.
दम्माम, मग चिपळूण, मग परत दम्माम.
डक्टमध्ये ओणवा होऊन शिकलो ते सगळं
जे पुढच्या वर्षीच्या पुस्तकात होतं.
बावीस वर्षं लागली. तिथे दोनच लागली असती.

मागच्या अंगाला गेलो, आउटडोअर युनिट बघायला.
खिडकीतल्या एसीचं पाणी अजून गळतंय,
आणि त्याखाली बदाम.
दुमजली उंच. फांदी चौदा नंबरच्या काचेला टेकलेली.
आम्ही या खिडकीतून बिया फेकायचो.
मी म्हणायचो बदाम, हमूद म्हणायचा बिदाम,
त्यावरून अर्धा तास भांडण,
कारण पुढचा तास गणिताचा असायचा.
ही कुणाची बी, कोण सांगणार.
माळ्यानंही लावलं असेल.
पण आळं नाही, नळी नाही,
इथला पाऊस तर चुकून वाट वाकडी करून येतो.
इतकी वर्षं हे झाड
पोरांचा घाम, पोरांचे निःश्वास,
न आलेली उत्तरं,
थंड होऊन ठिबकलेली, पीत आलंय.

मुरुगेसन म्हणाला, साहेब, नवीन सिस्टीमला
सगळं ड्रेन एका पाइपात, थेट गटारात. एक थेंब बाहेर नाही.
बरोबर आहे, म्हटलं. नियमच तसा.
खाली पडलेलं एक फळ उचललं,
बाहीला पुसलं, चावलं.
तुरट. तेव्हाही तुरटच होतं,
आम्ही गोड म्हणायचो.

दुपारी रूवीत, चहाच्या दुकानात,
पराठ्यावर चिप्स भुरभुरून खाता खाता टाइप केलं:
युनिट, डक्ट, कॉपर, मजुरी.
ओळ सतरा, ड्रेन पाइप.
गटारापर्यंत अंतर अठ्ठेचाळीस मीटर.
मी एकेचाळीस लिहिलं.
मुरुगेसननं स्क्रीन स्वतःकडे वळवला,
बोट ठेवून पुन्हा वाचलं.
सात मीटर कमी पडतील, साहेब.
पडू देत, म्हटलं.

तो काही बोलला नाही.
थोड्या वेळानं फक्त बेसिनवरच्या आरशाकडे
मान उडवून म्हणाला,
दात बघा, जांभळे झालेत.