निळा नळ

जुलैत सोहारला निळ्या नळाला उकळतं पाणी येतं.
गच्चीवरची टाकी दिवसभर तापते,
म्हणून गिझर बंद ठेवायचा
आणि अंघोळ लाल नळाखाली करायची.
नवा माणूस पहिल्या दिवशी भाजतो,
दुसऱ्या दिवशी शहाणा होतो.
नळाला रंग देणाऱ्यानं इथे एकदा तरी
अंग विसळायला हवं होतं.
एवढंच माझं शास्त्र.

अकरा वर्षं मी बंदरावर क्रेन चालवली.
चाळीस मीटर वर केबिन,
पायांमधल्या काचेतून खाली बघायचं,
हनुवटी छातीला टेकवून, पाळी संपेपर्यंत.
केबिन आखणारा हुशारच असणार:
पेला ठेवायला खाच होती, छोटा पंखा होता.
फक्त माणसाला मान असते
हे त्याच्या कागदावर राहून गेलं.
मुनाफ परकार म्हणायचा,
"आपण बगळे. मासा मात्र परक्याचा."

गेल्या वर्षी आम्हाला खाली आणलं.
आता एसी खोली, स्क्रीन नजरेसमोर,
खुर्चीला सात खटके.
मस्कतहून बद्रिया नावाची इंजिनिअर आली,
टेपचं एक टोक माझ्याच हातात देऊन
तिनं मोजलं: कोपर, गुडघा, कमरेचा खळगा.
शिंप्यानंतर माझं माप घेणारी ती पहिलीच.

खरं सांगतो, मान दुखायची थांबली.
डाव्या कुशीवर झोप लागते.
जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी
ती केबिन खुशाल घरी न्यावी.

पण वारा गेला.
वर असताना शमाल सुटला की
आधी बुडाला कळायचं, मग यंत्राला.
कंटेनरनं झोका घेण्याआधी
खुर्ची हलकेच थरथरायची,
घोडं कान टवकारतं तशी.
आता स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा: चौदा नॉट.
आकडा वाचावा लागतो.
थरथर वाचावी लागत नव्हती.

फॉर्मवर शेवटी रकाना होता, काही सूचना?
मी लिहिलं, खुर्चीत थोडा वारा घाला.
बद्रिया हसली नाही.
गुडघ्यावर बसून तिनं
बैठकीखालची पोकळी बघितली,
बोटभर काहीतरी मोजलं
आणि वहीत टिपून ठेवलं.
होईल की नाही, कोण जाणे.
पण त्या दिवसापासून
तंत्रज्ञानाबद्दल माझं मत जरा बरं आहे.

मुनाफ अजून खाली बघतच बोलतो.
काय शोधतोस, विचारलं
तर बुटांच्या मधे बोट दाखवतो.
तिथे फरशी आहे.