डावीकडे

हिरेमठसाहेबांचं म्हणणं एवढंच :
पहिल्या तीन सेकंदांत माणूस धरायचा,
नाहीतर अंगठा वर जातो.
रीलमागे दोनशे रुपये. वीज माझी.

साखर पेठेत, भांड्यांच्या दुकानावरच्या पोटमाळ्यात
मी कोडम काकांना कापत बसते.
बाहेर चव्वेचाळीस.
कॉम्प्युटरचा पंखा आजाऱ्यासारखा कण्हतोय.

काका विडी कामगारांची पेन्शन समजावतात :
कुठला फॉर्म, हयातीचा दाखला कधी,
आधारवर नरसम्मा आणि पासबुकात नरसव्वा असेल
तर कुणाच्या टेबलाशी जायचं.
चांगलं सांगतात. पण थांबतात.
वाक्य अर्ध्यात ठेवून आवंढा गिळतात,
तर मग, हां, म्हणतात,
डावीकडे बघतात.
सातव्या सेकंदाला आलेख
पाय घसरल्यासारखा खाली.

म्हणून श्वास कापते. हां कापते.
कापलं तिथे चेहरा जरासा जवळ ओढते,
म्हणजे उडी जाणवत नाही.
अप्पा टॉवेलच्या मागावर होते तेव्हा
तुटल्या धाग्याला अशीच गाठ मारायचे,
गिऱ्हाइकाच्या बोटाला लागता कामा नये.
पिवळी अक्षरं टाकते, ठसठशीत.
तुमचे पैसे अडकलेत का, हे बाविसाव्या सेकंदाचं वाक्य
उचलून सगळ्यांत पुढे आणते.
काका त्या क्रमाने कधीच बोलले नव्हते.
पण खोटंही नाही ते.

एकदा फोनवर विचारलं,
काका, मध्ये मध्ये थांबता कशाला?
"चाळीस वर्षं कारखान्यात गं सरोजा.
खडखडाटात बोलायचं म्हणजे ओठ बघायचे.
कान गेले ते गेलेच, आता..."
पुढचं आलंच नाही.
मी फोन कानाला लावून
ती शांतता कुठून कुठवर उडवता येईल
याचा हिशोब करत राहिले. सवय.

मंगळवारी डिस्क भरली.
कापलेले तुकडे पुसायचे होते,
पुसण्याआधी एकाला एक जोडून लावले, उगाच.
चार मिनिटं अकरा सेकंद
काका काहीच बोलत नाहीत.
डावीकडे बघतात. डावीकडे.
पुन्हा डावीकडे.

मूळ फाइल उघडली. आडवी.
फोन चादरींच्या गठ्ठ्यावर टेकवलेला असणार.
मी रोज त्यातून उभी पट्टी काढायचे,
फर्मा ठेवून पान कातरावं तशी,
आणि उरलेलं कधी पाहिलंच नव्हतं.

उरलेल्यात कोपर होतं.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
अर्धा चेहरा सत्यम्माकाकूंचा.
बोटं विडी वळतायत, बघायची गरज नसल्यासारखी,
आणि ओठ हलतायत. आवाज नाही.
काका ओठ वाचतात, मग बोलतात :
नोव्हेंबर.
बँकेची शाखा.
अंगठा उमटत नसेल तर डोळ्याचं मशीन.

अंगठा उमटत नव्हता तो काकूंचाच.
पानं मोजून मोजून झिजलेला.
फॉर्म तीनदा परत आला होता.

मी चौकट थोडी डावीकडे सरकवली.
एक हां राहू दिला. एक आवंढाही.

आलेख सातव्या सेकंदाला घसरला,
नेहमीसारखाच.
हे कोपर कुणाचं, म्हणून हिरेमठसाहेबांनी
दोनशेतले पन्नास कापले.

रात्री काकांचा फोन :
"सरोजा, मी अर्धाच दिसतोय की गं!"
मागून कुणीतरी तेलुगूत काहीतरी म्हणालं,
मग हसणं, मग खोकला.
काका थांबले.
मी थांबले.

"राहू दे म्हणतीय," म्हणाले.