टाइमकीपर, अहमदी

शुक्रवारी उपासनेत माझी पाळी होती.
याकोबाचं पत्र, पाचवा अध्याय:
दाबून ठेवलेली मजुरी गप्प बसत नाही,
ती ओरडते, आणि वर ऐकू जातं.
आवाज चांगला लागला.
मागच्या बाकावर गायकवाडबाईंनी डोळे पुसले.
आमेन.

शनिवारी पहाटे गेटवर येल्लय्या.
हेल्मेट काखेत, बोटांवर मोजून दाखवतो,
एक हात संपून दुसऱ्याचा अंगठा:
सहा तास कमी लागलेत, साहेब.
मी म्हणालो, बघू.

बघू.

रजिस्टरात माझंच वळणदार अक्षर.
याच बोटांनी काल शास्त्राची पानं उलटली.
बाहेर वारा पत्र्यावर वाळू खरवडतोय;
ओरडणं असंच असतं का, इतकं हळू?

येल्लय्या अजून उभा आहे.
पेनाचं टोपण
मी दातांनी काढतो.